पाचवं रीळ

कुठला सिनेमा बघू, असं विचारलंत ना मला? बसा या बाकावर. तिकिटाची खिडकी उघडायला वेळ आहे. हा पोस्टरवरचा दिवा भरदुपारीही चालू ठेवतात, कारण या पोर्चमध्ये ऊन कधी पोचतच नाही.

खऱ्या रिळांवर जुने सिनेमे दाखवणारी तीनच थिएटरं शहरात उरली आहेत. एक हे, नदीकाठचं. दुसरं बाजाराच्या वरच्या मजल्यावर, तिथल्या खुर्च्या मोडक्या पण आवाज चांगला. तिसरं टेकडीच्या उतारावर. त्या तिसऱ्यात माझा दादा ऑपरेटर होता. ऑपरेटर म्हणजे वरच्या केबिनमध्ये बसून सिनेमा चालवणारा माणूस.

मी दुचाकीच्या गॅरेजमध्ये काम करतो. शाळा मला झेपली नाही, मी शाळेला झेपलो नाही. सिनेमातलं जे काही कळतं ते दादामुळे. त्याची सुट्टी असली की आम्ही दोघं सिनेमाला जायचो, आणि कुठला बघायचा यावरून आदल्या रात्रीपासून जुंपायची.

"मारामारी आहे का त्यात?" मी विचारायचो.

"आहे."

"कुणाकुणाची?"

"एका माणसाची, स्वतःशीच."

"म्हणजे झोपायचा सिनेमा."

"गाढवा, पंक्चर काढताना तासभर पाण्यातले बुडबुडे बघत बसतोस ना? तिथे कोण कुणाला मारत असतं?"

आई आतून ओरडायची, "अरे, दोघं दोन थिएटरांत जा आणि मला झोपू द्या!"

शेवटी जायचो दादा म्हणेल त्यालाच. मी झोपायचो, तो कोपराने ढोसायचा. "टिपका बघ, टिपका." सिनेमाचं एक रीळ पंधरा-वीस मिनिटं चालतं. केबिनमध्ये दोन मशीनं असतात. एकावरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक काळा टिपका येतो. तो दिसला की ऑपरेटरने दुसरं मशीन सुरू करायचं. मग थोड्या वेळाने दुसरा टिपका. त्याच क्षणी एक मशीन झाकायचं, दुसरं उघडायचं. जमलं तर खाली बसलेल्याला पत्ता लागत नाही. चुकलं तर पडदा पांढराफटक होतो आणि पब्लिक शिट्ट्या मारून ऑपरेटरची सात पिढ्यांची विचारपूस करतं. तुम्हालाही आता तो टिपका दिसेल. एकदा कळला की डोळ्यांतून जात नाही.

दादाचा पडदा कधी पांढरा झाला नाही. एकदा दिव्याच्या पेटीला हात लागून तळव्याची सालटी निघाली, तरी खेळ संपेपर्यंत तो जागचा हलला नाही. घरी आल्यावर आईने बडबड केली, तेव्हा म्हणाला, "खेळ थांबवायचा नसतो, आई. आम्ही तेवढं एकच पाळतो."

दादा केबिनमध्येच गेला. दुपारच्या खेळाला.

ते कसं कळलं ते ऐका, कारण सगळा घोळ तिथेच आहे. सिनेमा संपला आणि हॉलमधले दिवे लागले नाहीत. माणसं अंधारात ठेचकाळत बाहेर आली. थिएटरच्या मालकीणबाई वर गेल्या, तर दादा मशीनपाशी आडवा. अंग गार पडलेलं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, आणि त्याला बराच वेळ झाला. मध्यंतराच्या आधीच केव्हातरी.

मध्यंतराच्या आधी. आणि सिनेमा तर शेवटपर्यंत चालला. मध्यंतराला दिवे लागले, पुन्हा विझले, रिळं बदलली गेली. कुणी शिट्टी मारली नाही. शिवाय मालकीणबाईंनीच मला सांगितलं, "मध्यंतराला मी जिन्याखालून हाक मारली होती, चहा पाठवू का म्हणून. तो म्हणाला, नको, नीट चाललंय सगळं."

"आवाज त्याचाच होता?"

"आता तसं विचारशील तर… त्याचाच. दुसऱ्या कुणाचा असणार?"

डॉक्टरांचा अंदाज चुकला असेल, असं सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं. मला ते पटेना. माझा दादा खाली पडून होता आणि त्याच्या शेजारी उभं राहून कुणीतरी रिळं बदलत होतं. पडदा एकदा जरी पांढरा झाला असता तरी माणसं ओरडली असती, कुणी वर धावलं असतं, दादा वाचला असता. ज्याने खेळ चालू ठेवला, त्यानेच त्याला मारलं. माझा हिशेब सरळ होता.

आणि आई. ती रडायची नाही. भाजी चिरता चिरता सुरी थांबायची आणि मला विचारायची, "का रे, त्याने कुणाला हाक मारली असेल का?" रोज. मी गॅरेजमधून आलो की चप्पल काढायच्या आधी. "हाक मारली असेल का रे त्याने?" या एका प्रश्नाचं उत्तर मला हवं होतं. बाकी कशाचं काही नाही.

संशय घ्यायला माणूस एकच होता. नाना. दादाचा वरिष्ठ, त्याला हा धंदा शिकवणारा. केबिनमध्ये दोघंच असायचे आणि नेमक्या त्या दिवशी नाना डोळे दाखवायला गेला होता, म्हणे. दवाखान्यात खूप गर्दी होती, म्हणे. दादा गेल्यावर तो आमच्या घरी आला, दारातच उभा राहिला, आईच्या पाया पडला आणि पाणीसुद्धा न पिता निघून गेला. माझ्याकडे त्याने बघितलं नाही. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

टेकडीवरच्या थिएटरची एक रीत आहे. त्यांचा माणूस गेला की घरच्यांनी एक जुना सिनेमा निवडायचा. तो एका दुपारी सगळ्यांना फुकट दाखवतात. मालकीणबाईंनी मला बोलावलं आणि म्हणाल्या, "तुझ्या दादाला आवडणारा कुठलाही सांग. बाहेरून मागवावा लागला तरी मागवू."

मी म्हणालो, "त्या दिवशी चालू होता तोच."

त्यांच्या बाजूला नाना उभा होता. त्याने हातातला चष्मा पुसायचा थांबवला.

"तो नको," तो म्हणाला.

"का?"

"दुसरा कुठलाही निवड, बाबा. त्याच्या आवडीचे ढीगभर आहेत. मी सांगतो पाहिजे तर."

"माझा भाऊ, माझी निवड. तुमचं काय जातंय?"

"रिळं… परत पाठवायची आहेत."

"पाठवली नाहीत ना अजून?" मालकीणबाई म्हणाल्या. "डबे खालीच आहेत, नाना."

मी त्याच्याकडे टक लावून बघत होतो. पायऱ्या उतरताना तो माझ्यामागे आला, दंड धरला आणि हळू आवाजात म्हणाला, "त्या दिवशीची ती रिळं… गुंडाळून, डब्यांत भरून ठेवलेली होती रे. मी दुसऱ्या दिवशी आलो तेव्हा. मी नाही गुंडाळली. कुणी गुंडाळली?"

"ते तुम्हीच सांगा," मी म्हणालो आणि दंड सोडवून घेतला. मला वाटलं, म्हातारा सोंग आणतोय. चोराच्या उलट्या बोंबा.

तो सिनेमा मी बघितला नव्हता. एका घड्याळजीची गोष्ट आहे. त्याच्या दुकानात एक विधवा रोज तेच घड्याळ घेऊन येते. घड्याळ बिघडलेलं नसतं. तो ते रोज उघडतो, पुसतो, परत देतो. बस्स. दादाच्या भाषेत स्वतःशी मारामारी. मी त्याला घड्याळजीचा सिनेमा म्हणतो. हा बघा, तुमच्या डोक्यावरच्या पोस्टरमध्ये भिंग लावून बसलाय तोच.

त्या दुपारी हॉल निम्मा भरला होता. नेहमीची मंडळी, दादाला न बघता ओळखणारी. आई आली नाही. मी मागच्या रांगेत कडेला बसलो आणि पॅन्टच्या खिशात मोठा पाना ठेवला. डोक्यात काय होतं ते विचारू नका.

पडद्याकडे माझं लक्ष नव्हतं. मी टिपके मोजत होतो. पहिलं रीळ संपत आलं. टिपका. दुसरा टिपका. बदल झाला, लोण्यातून सुरी जावी तसा. दुसऱ्या रिळाला तेच. तिसऱ्यालाही.

मला घाम फुटला. नानाचे डोळे गेलेत हे सगळ्या थिएटरला ठाऊक आहे. त्याला टिपका दिसायचाच नाही, तो आवाजावरून अंदाज बांधायचा आणि दर वेळी क्षणभर उशीर व्हायचा. दादा त्याची थट्टा करायचा, "नाना, तुमचा सिनेमा डोळा मारतो." आज एकदाही मारला नव्हता. म्हणजे वर नाना नव्हता. नानाचा कुणीतरी साथीदार होता, आणि त्या दिवशीही तोच होता. मी उठलो.

केबिनचा जिना हॉलच्या बाहेरून आहे, अरुंद, वळणाचा. वळणावर एकच बल्ब. त्याच्याखाली पायरीवर नाना बसला होता. गुडघ्यांवर दोन्ही हात.

"आत कोण आहे?" मी विचारलं.

त्याने मान वर केली. "तू… इथे? मग आत…"

"नाटक पुरे, नाना. कोण आहे आत?"

"मी पहिलं रीळ लावलं," तो म्हणाला. "सुरू केलं. आणि बाहेर आलो. मला बघायचं होतं रे. म्हातारचळ लागलाय की खरंच आहे ते. दुसरं मशीन मी भरलंच नव्हतं. रीळ संपलं की पडदा पांढरा होणार, लोक बोंबलणार, मी पळत आत जाणार, एवढंच ठरवलं होतं." त्याने ओठांवरून जीभ फिरवली. "पांढरा झालाच नाही."

वरच्या लोखंडी दारामागून मशीनची घरघर येत होती. एकसारखी, निवांत, मांजर झोपल्यासारखी.

खरं सांगू? भीती वाटली नाही. पहिल्यांदा जे मनात आलं ते सांगतो. मला वाटलं, दादा आहे. खेळ थांबवायचा नसतो म्हणणारा माझा दादा, मेला तरी खेळ थांबवणार नाही. माझे डोळे भरून आले. मी उरलेल्या पायऱ्या धावत चढलो. मागून नाना ओरडला, "एकटा जाऊ नकोस रे!" तोवर मी दार ढकलून आत गेलो होतो, आणि ते जड दार आपल्याच वजनाने माझ्यामागे बंद झालं.

आत कुणी नव्हतं.

दुसरं मशीन चालू होतं, त्यावर चौथं रीळ. पहिलं मशीन रिकामं. त्याची झडप उघडी होती, आत फिल्म नव्हती, मी बोट घालून बघितलं. गरम तेलाचा वास, तापलेल्या पत्र्याचा वास, दादाच्या शर्टाला यायचा तोच. पण त्याच्याखाली आणखी एक वास होता. खूप दिवस बंद राहिलेल्या डब्याचं झाकण काढल्यावर येतो तसा.

"दादा?" मी म्हणालो.

मशीन घरघरत राहिलं.

माझा संशय अजून गेला नव्हता. मी रिळं गुंडाळायच्या टेबलाखाली वाकून बघितलं. कपाटामागे बघितलं. कोपऱ्यातली गोणपाटं पान्याने उचलून बघितली. एवढाच वेळ गेला. वळलो, तर पहिल्या मशीनवर रीळ चढलेलं होतं. फिल्म सगळ्या चाकांवरून फिरवून, झडप लावून, तयार. मला पायांचा आवाज आला नव्हता. डब्याचा आला नव्हता. माझ्यापासून चार हातांवर कुणीतरी ते सगळं निगुतीने केलं होतं.

भिंतीतल्या छोट्या काचेतून पडदा दिसत होता. उजव्या कोपऱ्यात टिपका आला.

पहिल्या मशीनची कळ आपोआप खाली गेली. आपोआप नाही… दाबली गेली. बोटाने दाबावी तशी, सावकाश. दुसरा टिपका. खट. एक झाकलं, दुसरं उघडलं. खाली घड्याळजीच्या दुकानात ती बाई येऊन बसली. पाचवं रीळ.

मी दाराकडे गेलो. ते आतून ओढून उघडायचं असतं. मी ओढलं. हललं नाही. दोन्ही हातांनी ओढलं, भिंतीला पाय लावून ओढलं. मग माझ्या छातीवर काहीतरी बसलं. दुखलं नाही, जड झालं. ओल्या वाळूचं पोतं कुणी हळूच ठेवावं आणि मग त्यावर आणखी एक ठेवावं, तसं. मी ओरडलो, "नाना!" काचेवर मुठी मारल्या. खाली सगळी डोकी पडद्याकडे. एकही वळलं नाही. पाचव्या रिळात कुणी बोलत नाही हो, नुसती घड्याळाची टिकटिक आहे. तरी माझी हाक खाली गेली नाही. ती त्या खोलीतच कुठेतरी मुरत होती.

तेव्हा मला कळलं. सिनेमा नीट चाललाय तोवर वर कुणी येणार नाही. नीट चालणारं कुणी बघायला येत नाही.

मी मशीनकडे सरकलो. फिल्मकडे हात नेला, आणि मनगटावर कुणाचा तरी हात ठेवला गेला. पकडला नाही. ठेवला. आणि कानाशी दादाचा आवाज आला, दादाचाच, सर्दी झाल्यासारखा थोडा भरलेला.

"असू दे… नीट चाललंय. चालू दे, बाळा."

माझा दादा मला गाढव म्हणायचा. येडपट म्हणायचा, रेडा म्हणायचा, आईसमोर नुसतं 'हा' म्हणायचा. बाळा त्याने मला जन्मात कधी म्हटलं नाही.

मी फिल्म मुठीत धरली आणि ओढून तोडली.

भिंती उजळल्या. पडदा पांढराफटक झाला आणि खालून जी शिट्ट्यांची, शिव्यांची आरोळी उठली, त्यासारखं गोड मी आजवर काही ऐकलं नाही. छातीवरचं पोतं उचललं गेलं. दार उघडलं. नाना आत कोसळलाच, मागोमाग मालकीणबाई.

"काय केलंस हे!" त्या ओरडल्या. मग माझा चेहरा बघून माझ्याशेजारी वाकल्या.

"किती हाका मारल्या मी," मी जमिनीवर बसूनच म्हणालो. "नाना, तुम्ही दाराबाहेर होतात ना? ऐकू नाही आल्या?"

नाना भिंतीला टेकला. "मीच विचारलं ना तुला बाहेरून. ठीक आहेस ना म्हणून. तू म्हणालास…"

"काय म्हणालो?"

"नको येऊ आत. नीट चाललंय सगळं."

मालकीणबाईंनी तोंडावर पदर धरला.

लोकांना घरी पाठवलं. नानाने दोन्ही मशीनं बंद केली, मेन स्विच पाडला आणि दार उघडं ठेवून तिथे एक खुर्ची अडकवली. मग टॉर्च घेऊन मी तोडलेलं टोक बघायला लागला. सवय, दुसरं काय. डोळ्यांजवळ फिल्म धरली, बोटाने चाचपत थोडी मागे नेली आणि थांबला.

"हे काय?" तो म्हणाला.

मी तोडलं होतं तिथून वीतभर अंतरावर एक सांधा होता. तुटलेली फिल्म दोन्ही बाजूंनी कापून, खरवडून, चिकटवलेला. बोटाला जेमतेम लागत होता.

"जुना असेल," मी म्हणालो.

"हे रीळ इथे आलं तेव्हा मी स्वतः हातावरून घेऊन तपासलंय. पहिल्यापासून शेवटपर्यंत अखंड होतं." नाना अगदी हळू बोलत होता. "आणि हा सांधा तुझ्या भावाचा नाही. मी शिकवलंय त्याला. तो जरा तिरका कापायचा. मीही तसाच कापतो. हा हात आमच्या दोघांचाही नाही."

मला समजायला वेळ लागला. मी अडाणी माणूस. नाना माझ्याकडे बघत राहिला, आणि मग मला समजलं.

तळवा भाजला तरी खेळ न थांबवणाऱ्या माझ्या दादाने फिल्म तोडली होती. त्याच सिनेमात, त्याच रिळात, त्याच जागी. जिवाच्या आकांताने तोडली होती, पडदा पांढरा व्हावा म्हणून, कुणीतरी वर यावं म्हणून. आणि ती जोडली गेली होती. असा सांधा करायला मशीन थांबवून फिल्म टेबलावर न्यावी लागते, चिकटेपर्यंत दाबून धरावी लागते. खाली बसलेल्या एकालाही त्या दिवशी पांढरा पडदा दिसला नव्हता.

केबिनमधून बाहेर आल्यावर मी नानाला मिठी मारली. आम्ही दोघं त्या अंधाऱ्या जिन्यावर लहान पोरांसारखे रडलो. माझ्या खिशातला पाना त्याच्या बरगडीला टोचला, तेव्हा तो म्हणाला, "हा माझ्यासाठी आणला होतास होय रे?" मी हो म्हणालो. "बरं केलंस," तो म्हणाला. "मीही आणला असता."

घरी आलो. चप्पल काढायच्या आत आई दारात.

"मारली होती का रे त्याने हाक?"

"हो, आई," मी म्हणालो. "मारली होती. खूप मोठ्याने."

तिचा चेहरा थोडासा मोकळा झाला. मग तिने विचारलं, "मग कुणी गेलं कसं नाही?"

मी चप्पल काढून कोपऱ्यात ठेवली.

नानाने पाचवं रीळ जोडलं नाही. दोन तुटकी टोकं तशीच लोंबती ठेवून त्याने ते डब्यात टाकलं, झाकण लावलं, वरून तार गुंडाळली. म्हणाला, जाळून टाकू. मालकीणबाई म्हणाल्या, आपलं नाही ते, कसं जाळायचं? टेम्पोवाला आला तेव्हा नाना घरी होता. डबे गेले.

आणि आज सकाळी गॅरेजला जाताना मी या रस्त्याने आलो, तर इथे हे पोस्टर.

मी सरळ केबिनमध्ये चढलो. इथली ऑपरेटर एक पोरगी आहे, माझ्याहून लहानच असेल. केस वर बांधलेले, दातांत बिस्कीट. एकटीच काम करते. मी तिला सगळं सांगायला लागलो तर हसली. म्हणाली, "दादा, चहा घेऊन या आधी, मग भुतं सांगा."

मी म्हणालो, "निदान पाचवं रीळ तरी बघ. ते तुटलेलं आहे. लागणारच नाही ते."

"कोण म्हणतं?" तिने डब्याचं झाकण काढलं. तार नव्हतीच त्याच्यावर. "मी सकाळी सगळी रिळं हातावरून घेतली. मध्यंतराच्या आधीचं ना हे? एकदम नीट आहे. दोन सांधे आहेत फक्त, वीतभर अंतरावर. पण काय सुरेख काम आहे हो! दोन्ही एकाच हाताचे. बोटाला लागतसुद्धा नाहीत. तुमच्या टेकडीवरच्या कुणी केलेत? मला शिकायचंय त्यांच्याकडे."

मी ते रीळ हिसकावलं. तिने आरडाओरडा केला, मॅनेजर आला, दोघांनी मिळून मला जिन्यावरून खाली हाकललं. नानाला फोन केलाय, तो निघालाय. त्याला म्हाताऱ्याला दोन बस बदलाव्या लागतात.

ही बघा, घंटा झाली. खिडकी उघडली.

मी सांगेन दुसरा कुठलाही निवडा. बाजारातल्या थिएटरला आज मारामारीचा आहे, बसने पोचाल. पण तुम्ही जाणार नाही, तुमच्या तोंडावर दिसतंय. तुम्हाला वाटतंय, भाऊ गेल्यामुळे या पोराचं डोकं फिरलंय. असेलही. मग एवढं करा. मला आत सोडणार नाहीत, तुम्ही शेवटच्या रांगेत जिन्याच्या बाजूला बसा. ती बाई दुकानात येऊन गप्प बसेल, नुसती टिकटिक ऐकू येईल. तेव्हा पडदा पांढरा झाला, तर शिट्टी मारू नका, वर धावा.

आणि नाही झाला, तरी धावा.